सम्मेदच्या कारखान्याची पाठवणी

॥ श्री वीतरागाय नमः ॥

सांगली,
दिवाळी होऊन पंधरवडा झाला, बुधवार, सन १९९६

चि. सौ. हरणाबाई, मुक्काम खंडाळा, हिला सांगलीहून थोरली अक्का विजयमाला हिचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद, आणि घरातल्या लहानथोरांना जयजिनेंद्र.

इकडे आम्ही सगळी धडधाकट आहोत. तिकडे तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण नसता तर तुझं कार्ड आलं असतं. बरं असलं की तुला लिहायला सुचत नाही हे मला तू परकरात होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. तुझ्या मालकांचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेली हळद तेलात कालवून लावायची होती, ती तू आमटीत घातलीस असं कानावर आलं. (असू दे. आपल्या दुकानची हळद आहे, पोटातून गेली तरी गुडघ्यापर्यंत वाट काढील.) माझं म्हणशील तर मला इतकं बरं वाटतंय की अंजना सूनबाई काळजीत पडलीय. काल ती नवऱ्याला, आपल्या भाऊसोला, हळूच सांगत होती, "आत्याबाई आज एकट्याच हसत होत्या, डॉक्टरला दाखवूया का?" तिला काय ठाऊक मी का हसते. तुला सांगते, म्हणून तर पाटीवरच्या पोरीसारखी बोटं दुखेपर्यंत लिहायला बसलेय. माझं शिक्षण दुसरीपर्यंतचं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझं तरी कुठं चौथीच्या पुढं गेलंय?

तर बातमी अशी की आपला सम्मेद, माझा नातू, कारखानदार झाला. कारखाना कुंडलला आहे, पायगोंडा पाटलांच्या गोठ्यात. म्हशी शेजारच्या गोठ्यात हलवल्या. आता तू म्हणशील की सम्मेद तर सांगलीत त्या केंद्रात होता, तीन वर्षं, आणि तिथून कुणी कधी बाहेर पडल्याचं ऐकिवात नव्हतं, मग हा सुटला कसा. तेच सांगायचंय. पण आधी केंद्र म्हणजे काय ते सांगते, कारण तुला वाटतंय की त्याला कुठल्या तरी आजारासाठी ठेवलंय. (मागच्या लग्नात तू चारचौघींत "पोराला अजून तिथंच ठेवलंय का गं, उतार नाही का?" असं विचारलंस, तेव्हापासून त्याला स्थळं येत नाहीत.)

माधवनगरच्या रस्त्याला, जुन्या तेलगिरणीच्या मागं, एक पिवळी इमारत आहे. पाटीवर "तंत्र-उद्योग संगोपन केंद्र" असं लिहिलंय. मोठ्या माणसांनी त्यावर लय भाषणं केली, पण मी पहिल्या दिवशीच ओळखलं की हे माहेर आहे. बघ हां, पहिलटकरीण पोर बाळंतपणाला माहेरी येते, का तर सासरी नवखी असते, तिला कुणी तरी जपायला हवं. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, वर आईचा आणि शेजारणींचा सल्ला. नव्या धंद्याचं तसंच. शिकलेल्या पोराच्या डोक्यात एखादं यंत्र येतं, पण त्याला जागा नसते, फोन नसतो, गिऱ्हाईक ठाऊक नसतं, बँकेचा साहेब दारात उभा करत नाही. तर सरकार म्हणतं, ये बाबा, ही खोली घे, टेबल घे, पंखा घे, आमच्या फोनवर बोल, जाणती माणसं सल्ला देतील, चार ओळखी करून देतील, आणि तुझं यंत्र बाजारात चालायला लागलं की आपल्या पायानं बाहेर जा. किती शहाणी कल्पना आहे, सांग. ज्यानं काढली त्याच्या तोंडात साखर घालावी. फक्त बाळंतपण झाल्यावर लेकीनं सासरी जायचं असतं, एवढंच त्या शहाण्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तिथं कशी पोचले ते ऐक. सम्मेदला कामात भान राहत नाही, आणि दिवस बुडाल्यावर आपल्यात जेवत नाहीत. पोरगं रोज उपाशी झोपायला लागलं. अंजना म्हणाली, "सवय होईल." मी म्हटलं, उपाशी राहायची सवय करायला त्याला इंजिनिअर केला नाही. मग मीच रोज दुपार कलली की डबा घेऊन शहर बसनं निघायची आणि सूर्य मावळायच्या आत त्याला जेवू घालायची. तो जेवीपर्यंत मी इमारतभर फिरायची. तिथल्या पोरांना मी त्यांची पण आजी वाटायला लागले. (डबा मोठा असायचा, हेही एक कारण.)

काय एकेक सोय होती, हरणे! फोन होता, त्याला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडं, आणि शिपाई पंचायत समितीत. कागद आपोआप पलीकडं पोचवणारं फॅक्सचं यंत्र होतं, त्याला साहेबांच्या मिसेसनं विणलेलं झालरीचं कव्हर होतं, आणि ते कव्हर मळू नये म्हणून यंत्र चालवत नसत. आणि कॉम्प्युटर! त्याला वेगळी खोली, गार हवेचं यंत्र, काचेचं दार, आणि बाहेर पाटी, "चपला बाहेर काढाव्यात". मी काढल्या. आत गेले, हात जोडले, दोन मिनिटं गारव्यात उभी राहिले आणि आले. उन्हाळ्यात मी रोज दर्शनाला जायची. त्याच्यावर गुलाबी कापड असायचं, ते काढल्याचं मी फारसं पाहिलं नाही, पण आपल्याला मुखदर्शनाचा हट्ट कशाला?

केंद्राचे मुख्य म्हणजे सुमंत साहेब. माणूस सोन्यासारखा, उगाच नावं ठेवणार नाही. सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि इथं आले. जन्मात त्यांनी सुईसुद्धा विकली नाही, पण माल कसा विकावा यावर तीन तीन दिवसांची शिबिरं घ्यायचे. शिबिराला पुण्याचे पाहुणे यायचे, फळ्यावर बाण काढायचे, मग नारळ, शाल, फोटो आणि बटाटेवडे. (आपण बटाटा खात नाही, त्यामुळे सम्मेदच्या संगोपनातला निम्मा भाग वायाच गेला.) साहेबांचा पोरांवर जीव फार. कुणी म्हटलं, साहेब, आता माझं यंत्र तयार झालंय, विकायला काढू का, की त्यांचे डोळे भरून यायचे. "इतक्यात? अरे, बाहेर फार वाईट आहे." असं म्हणून ते त्याला आणखी एका शिबिराला बसवायचे.

त्या मायेचं सगळ्यात गुबगुबीत लेकरू म्हणजे गंगाधर. हा केंद्र उघडलं तेव्हापासून पहिल्या खोलीत. बेदाणा निवडायचं यंत्र करायला आला होता, तासगावच्या बागाईतदारांसाठी. यंत्र दुसऱ्याच वर्षी चाललं म्हणे. पण सल्लागार म्हणाले, आणखी सुधारा. त्यानं सुधारलं. पुढचे सल्लागार म्हणाले, अजून सुधारा. सुधारता सुधारता ते इतकं सुधारलं की बेदाणा सोडून सगळं निवडतं. बेदाणा आत टाकला की दुसऱ्या बाजूनं त्याचा लगदा येतो. गंगाधर आला तेव्हा काळेभोर केस होते, आता मागं थोडे उरलेत. दर वर्षी नवी पोरं आली की "यशस्वी उद्योजक कसे व्हावे" हे व्याख्यान तोच देतो. चांगलं देतो हं, मी दोनदा रडले.

आता सम्मेदच्या पेटीचं. तुझ्याकडं खंडाळ्यात रस्त्यावर दिवसभर लाईट असते, तुला शेतकऱ्याचे हाल ठाऊक नाहीत. इकडं कुंडल भागात विजेचा नेम नाही. ती आली की माणूस विहिरीकडं पळतो, पोचेस्तोवर गेलेली असते. सम्मेदनं अशी पेटी केली की लाईट आली की मोटर आपोआप चालू आणि विहिरीचं पाणी तळाला गेलं की आपोआप बंद. शेतकऱ्यानं घरात बसून भाकरी खावी. नमुन्याची पेटी त्यानं पायगोंडा पाटलांच्या विहिरीवर बसवली. पायगोंडा म्हणजे आमच्या ह्यांच्या वेळेपासूनचे हळदीचे शेतकरी, पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा अशा की चहा पिताना बशी दिसत नाही. त्यांच्या विहिरीवर पेटी चालली, आणि आठवड्यात गावभर बोभाटा झाला.

आणि इकडं भाऊसोनं, म्हणजे सम्मेदच्या बापानं, काय सांगून ठेवलेलं? की दिवाळीच्या पाडव्यापर्यंत आपल्या पेट्या विकून दाखव, नाहीतर पाडव्याच्या पूजेला टोपी घालून दुकानच्या गादीवर बस, उभा जन्म तिथंच. त्याचंही चुकत नाही गं, एकुलता एक पोरगा, दुकान तीन पिढ्यांचं. पण सम्मेदला हळदीनं शिंका येतात! हळदीच्या घराण्यात जन्मून हळदीची शिंक, हे कुठलं पाप उदयाला आलं कुणास ठाऊक. एकदा बसवला होता गादीवर, तर अशी शिंक दिली की समोरचा व्यापारी नखशिखांत पिवळा, नवरदेव झाला बिचारा. पोरगं वर्षभर गादीचं नाव निघालं की ताटावरून उठायचं. मला ते बघवत नव्हतं. त्याच्या आजोबांनी पण त्याच गादीवर सगळा जन्म काढला, आणि त्यांना पेटी-मास्तर व्हायचं होतं, भजनाला साथ करायची होती, हे फक्त मला ठाऊक आहे.

तर खोलीभर पेट्या तयार, त्या विकायच्या. गिऱ्हाईक दारात. पण सुमंत साहेब म्हणाले, आधी बाजाराची पाहणी करायला हवी, त्याशिवाय विकणं अशास्त्रीय. मग सम्मेद कुंडलला जाऊन घरोघर विचारत फिरला, की अशी पेटी मिळाली तर तुम्ही घ्याल का. पायगोंडा म्हणाले, "घेतू की. आन हिकडं." सम्मेद म्हणाला, "आत्ता देणार नाही काका, ही नुसती पाहणी आहे." पायगोंडांच्या मिशा थरथरल्या. "आरं लेका, तहान लागलीय का इचारतुयास, आन् तांब्या पाठीमागं लपिवतुयास व्हय?" सम्मेदनं ते उत्तर आणून साहेबांना दाखवलं. साहेब खूष. म्हणाले, पाहणीचा निष्कर्ष उत्तम आहे, यावर शिबिर घेऊया.

मग मी स्वतः साहेबांकडं गेले. म्हटलं, साहेब, पोराला सोडा आता. ते खुर्चीतून उठले, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, तुमच्यापासून काय लपवू? सम्मेदनं माल विकला की तो उद्योजक झाला. उद्योजक झाला की त्याला इथं ठेवता येत नाही. खोली रिकामी होते. दिल्लीची समिती येते ती खोल्या मोजायला. रिकामी दिसली की अनुदान बंद, मग केंद्र बंद." मी विचारलं, मग आजवर कुणी तरी बाहेर पडलं असेल ना? तर म्हणाले, तसा प्रसंगच आला नाही, त्यामुळे बाहेर पडायची पद्धतही ठरलेली नाही. ती ठरवायला एक उपसमिती नेमलीय, गंगाधर तिचा चिटणीस आहे. (तुला सांगते, मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि हसावं का रडावं ते न कळून उरलेल्या डब्यातली चटणी नुसतीच खाल्ली.)

घरी येताना बसमध्ये मला सुचलं. आपण बाळ-बाळंतिणीला माहेराहून कधी एकटं पाठवतो का? आईच्या तोंडून "जा" निघतच नाही. सासरची माणसं वाजतगाजत न्यायला येतात, तेव्हा आई डोळ्याला पदर लावते आणि तिला पाठवावंच लागतं. सुमंत साहेब आई आहेत. आईला जा म्हणायला लावणं हीच आमची चूक होती. सासर आणायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी पायगोंडा हळद घेऊन दुकानात आले, त्यांना गाठलं. म्हटलं, "पावणं, नुसतं मागत काय बसलाय? रीतीनं न्यायला या." त्यांनी विचारलं, "कंदी येऊ, आक्का?" मी दिल्लीची समिती यायचा दिवस सांगितला. मुद्दाम सांगितला असं नाही. त्या दिवशी केंद्राच्या दाराला तोरण बांधणार होते, रांगोळी होती, मांडव होता. एकाच घरात दोनदा तोरण कशाला?

माझ्या मनात होतं की पाटील ट्रॉली आणतील, दोन गडी आणतील, पेट्या उचलतील आणि जातील. पण कुंडलचा माणूस शब्दाचा पक्का, आणि रीत म्हटल्यावर ती अर्धी करायची कशी? दिवाळीच्या चार दिवस आधी, समितीचे साहेब मांडवात बसलेत, सुमंत साहेब नुकतेच "प्रास्ताविक" असं म्हणालेत, आणि रस्त्याच्या वळणावर हलगी कडाडली. पुढं हलगीवाले, मागं ट्रॅक्टर, ट्रॉलीला केळीचे खुंट, ट्रॉलीत पंधरावीस बायाबाप्ये, आणि सगळ्यात पुढं पायगोंडांच्या मालकीण सुंदरी, नऊवारी इरकल, हातात ओटीचं ताट. सुमंत साहेबांना वाटलं, गावकऱ्यांनी समितीचं स्वागत ठेवलंय. समितीला वाटलं, सुमंत साहेबांनी ठेवलंय. दोघंही एकमेकांकडं बघून कौतुकानं हसले. समितीच्या मुख्य दिल्लीच्या एक मॅडम होत्या, सुंदरीनं त्यांची ओटी भरली. मॅडमना ते इतकं आवडलं की नारळ मांडीवर घेऊनच बसल्या.

मॅडमनी विचारलं, ये लोग कौन हैं? आणि पायगोंडा पुढं झाले. पलटणीत राहिलेले, त्यामुळे हिंदीला घाबरत नाहीत. टाच आपटून म्हणाले, "हम सासरवाले है मॅडम! ये घर का पेटी हमारे गाव में देने का है. रीतसर ले जाने आया. अब ना मत बोलो!" मॅडम उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, साऱ्या देशात फिरले, लोक यंत्राकडं पाठ फिरवून बसतात, आणि इथं गाव वाजत गाजत यंत्र न्यायला येतं! टाळ्या वाजवल्या. समितीतले बाकीचे साहेब पण वाजवायला लागले. आता टाळ्या चालू असताना सुमंत साहेब नको कसं म्हणणार? ते पण वाजवत होते, पण हरणे, त्यांचा चेहरा अगदी लेकीच्या आईचा झाला होता. मला भरून आलं.

आणि आता जे झालं त्यात माझा काही दोष नाही. मी कुंडलकरांना सांगायचं विसरले की न्यायचं नेमकं काय. सुंदरी आत गेली. तिनं सगळ्या खोल्या पाहिल्या. पेट्या पाहिल्या, धुळीत पडलेल्या. आणि मग ती काचेची खोली पाहिली. आत गारवा, दारात चपला काढलेल्या, मधोमध गुलाबी कापडाचा घुंगट घेऊन कुणी तरी बसलेलं. तिनं आपल्या जावांना हाक मारली, "अगं हिकडं या, नवरी ही हाय! बाकीचं निस्तं रुखवत." झालं. कॉम्प्युटरची ओटी भरली, हळदकुंकू लावलं (काचेला, कापड बाजूला सरकवून), आणि चौघांनी मिळून अलगद ट्रॉलीत नेऊन बसवला, उशीला टेकून. पेट्या मागं रचल्या, त्यांच्यावर सम्मेद चढून बसला. गंगाधर त्या वेळी कॉम्प्युटरची वायर हातात धरून "अहो, अहो" करत मागं मागं येत होता. सुंदरीनं त्याला बघितलं आणि म्हणाली, "ही पाठराखीण दिसतीया. चढा वो भाऊ, लाजू नगा." नवरीबरोबर माहेरचं एक माणूस जातंच. चार हात पुढं आले आणि गंगाधर वर. त्याचं बेदाण्याचं यंत्र पण वर, कारण त्यानं एका हातानं ते धरलं होतं. ट्रॉली फाटकातून बाहेर पडताना त्याचं तोंड मी पाहिलं. इतक्या वर्षांनी बाहेरचा रस्ता बघत होता तो, आणि हसत होता!

मग पाडवा आला. भाऊसोनं पूजेची तयारी केली, टोपी काढून ठेवली, आणि सम्मेद काही आला नाही, कुंडलहून निरोप आला की काम आटपत नाही. घरात महावीर-निर्वाणाचा लाडू कुणी तोंडात घालीना. भाऊसोनं स्कूटर काढली आणि कुंडलला गेला. मी मनात णमोकार मंत्र म्हणत बसले. बाप आहे, कान धरून आणेल, आणि मग माझी सगळी हलगी फुकट. दिवस कलला तेव्हा परत आला, एकटाच. मी विचारलं, काय रे? तर म्हणाला, "बसायला जागा नाही तिथं. रांग लागलीय माणसांची. मला कुणी विचारलं पण नाही कोण म्हणून." मी म्हटलं, मग तू काय केलंस? म्हणाला, "रांगेतल्या लोकांना पाणी दिलं."  जेवून झाल्यावर ती टोपी उचलली आणि आपल्याच डोक्यावर घातली. आता दुकानात कुणी चिमूटभर हळद घ्यायला आलं तरी त्याला पेटी कशी चालते ते समजावतो. धंद्याचा खोळंबा होतो, पण बोलायचं नाही मी ठरवलंय.

तर अशी सगळी आनंदाची गोष्ट. गंगाधर पण खुशाल आहे. त्याच्या यंत्रात कुंडलकरांनी भुईमुगाच्या शेंगा घातल्या, तर लहानमोठ्या अशा फटाफट वेगळ्या झाल्या की गावानं त्यालाही ठेवून घेतला. सुंदरीच्या हातची भाकरी खाऊन रंग बदललाय. सुमंत साहेबांनी कॉम्प्युटर परत पाठवा म्हणून निरोप धाडला, त्यावर पायगोंडांनी कळवलं की सून लगेच माहेरी धाडायची आमच्यात पद्धत नाही, संक्रांतीला पाठवू, तिळगूळ घेऊन. एवढं झाल्यावर केंद्राची नाचक्की झाली असेल असं तुला वाटेल. उलट! समितीनं लिहून दिलं की असं केंद्र दुसरं नाही, आणखी एक मजला बांधा, आणि पुढच्या महिन्यात मोठे साहेब बघायला येतील. तेव्हा सगळ्या खोल्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत.

बाकी सर्व क्षेम. मुलांना सांभाळ, थंडीत पहाटे बाहेर पडू नकोस, आणि मालकांच्या गुडघ्याला हळद लाव, आमटीला नको.

तुझी अक्का,
विजयमाला

ता. क. एक सांगायचं राहिलं. हे पत्र मी घरून लिहीत नाहीये. सम्मेद गेल्यावर सुमंत साहेब घरी आले, चहाचा कप हातात धरून तसेच बसले, पिईनात. म्हणाले, "आजी, सम्मेदची तिसरी खोली रिकामी झाली. मी काय दाखवू?" मला त्यांची दया आली. म्हटलं, मी बसते. तर गेल्या सोमवारपासून मी इथं आहे. टेबल आहे, पंखा आहे, दोन वेळा चहा, खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं. छातीला नावाचा बिल्ला आहे. साहेबांनी विचारलं, प्रकल्प कशाचा लिहू? मी म्हटलं, "विचार चालू आहे." ते इतके खूष झाले! म्हणाले, इतकं अचूक उत्तर एकाही इंजिनिअरला जमलं नाही.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गंगाधरची पहिली खोली पण रिकामी आहे. ती मी तुझ्यासाठी धरून ठेवलीय, दाराला माझी पिशवी अडकवलीय. तू ये. आई गेली आणि आपलं माहेर मिटलं, त्याला किती वर्षं झाली ते मोजू नकोस. त्यानंतर आपण दोघी एका छपराखाली कधी बसलो, सांग? कुणाच्या लग्नात, ते पण पंगतीत वाढता वाढता. इथं कुणी आपल्याला भाजी निवडायला सांगत नाही. दुपारी खोलीचं दार पुढं करून बोलत बसलं तरी साहेब म्हणतात, चर्चा चालली आहे, व्यत्यय नको. यंत्राची काळजी करू नकोस. ट्रंकेतलं तुझं जुनं शिवणयंत्र घेऊन ये, त्याच्यावर एखादं गुलाबी कापड घालू, कुणी उघडून बघत नाही.

ता. क. तिसरा. मालकांना म्हणावं, अक्कानं बोलावलंय, सरकारी काम आहे. तुझी सून विचारेल, सासूबाई, किती दिवसांसाठी? तेव्हा आठ-पंधरा दिवस असं चाचरत सांगू नकोस. सरळ सांग, तीन वर्षं. बघ, ती उठून वाटेचा डबा पण बांधून देईल.